सहानंतर आठ

इथे लोक लिहितात ते अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतेय. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वाचताना मनात म्हणते, बाई, तुला त्या दिवशी ताप असणार. माझा स्वभावच तसा. पिंपळे गुरवला आमच्या घरी अमावस्येला लिंबू उतरवून कोपऱ्यावर टाकायची पद्धत होती, आणि ते लिंबू उचलून त्याचं सरबत करून प्यायलेली मुलगी मी आहे. काही झालं नाही. आईचा मार मात्र खाल्ला. तेव्हा पुढचं वाचून मला कुणी भोळी समजू नका, एवढ्यासाठी हे आधी सांगितलं...

माझ्या अनुभवात कुणी दिसलं नाही, कुणाचा आवाज आला नाही. भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, एअर-कंडिशन खोलीत घडलेली गोष्ट आहे. चाळीसच्या वर वर्षं झाली, पण आजही सांगायला बसले की मी एका जागी बसू शकत नाही. आत्ताही मधेच दोनदा उठून आले.

काळ ऐंशीच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचा. जागा – पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत, भोसरीच्या अंगाची. कंपनीचं नाव देत नाही. आमच्याकडे हायड्रॉलिक प्रेस बनायचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, पत्रा दाबून त्याला आकार देणारी दोन पुरुष उंचीची मशीन्स. मी तिथे टायपिस्ट. जुनी अकरावी मॅट्रिक, इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा, वय तेवीस. आमच्या भावकीतली कंपनीत नोकरीला लागलेली पहिली बाई.

त्या वर्षी कंपनीचं एक मशीन पहिल्यांदा परदेशी जाणार होतं. नवीन मॉडेल. त्याच्याबरोबर इंग्रजीत मॅन्युअल द्यायचं होतं – मशीन कसं बसवायचं, कसं चालवायचं, बिघडलं तर कसं उघडायचं – चांगली दीडशे पानं. आणि नेमका त्याच सुमारास आमच्याकडे कॉम्प्युटर आला होता. वेगळी खोली, बाहेर चपला काढायच्या, आत रबरी स्लीपर घालायच्या. त्या खोलीचे राजे म्हणजे लिमयेसाहेब. साहेब म्हणायचं, पण वय असेल अठ्ठावीस. त्यांना कॉम्प्युटरबरोबर आलेल्या एका टेपवर मजकूर मांडून देणारा प्रोग्रॅम सापडला आणि त्यांनी वर्क्स मॅनेजरांना सांगून मला टाइपरायटरवरून उठवून त्या खोलीत नेलं.

तो प्रोग्रॅम कसा होता ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. पडद्यावर हिरव्या अक्षरांत तुम्ही नुसता मजकूर टाइप करायचा, वेडावाकडा, ओळी लहान-मोठ्या, कशाही. आणि कागदावर तो कसा दिसायला हवा, ते मजकुराच्याच मधे सांगायचं. ओळीच्या सुरुवातीला एक टिंब, पुढे दोन अक्षरं – ही झाली कमांड. एका कमांडनं मथळा मधोमध यायचा, दुसरीनं दोन ओळी मोकळ्या सुटायच्या, तिसरीनं नवं पान. सूचनांना क्रमांक तर आपण घालायचेच नाहीत. प्रत्येक सूचनेच्या आधी 'पुढची सूचना' अशा अर्थाची कमांड टाकायची. एक, दोन, तीन हे तो स्वतः मोजून घालायचा. मग प्रोग्रॅम चालवला की पलीकडे प्रिंटर खडखडायला लागायचा आणि दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर पान उतरायचं.

पहिलं पान उतरलं तेव्हा मला काय झालं ते कसं सांगू... उजवी कड सरळ होती. टाइपरायटरवर चार वर्षं काढलेल्या माणसालाच कळेल. उजवी कड सरळ आणणं म्हणजे अक्षरं मोजून मोजून जीव काढणं. आणि एक परिच्छेद मधे वाढला तर पुढची वीस पानं पुन्हा टाइप करायची. इथे मी एक ओळ घातली की पुढचं सगळं आपोआप सरकत होतं. मी ते पान घडी न करता घरी नेलं आणि आबांना, म्हणजे वडिलांना, दाखवलं.

आबांनी कागद उजेडात धरला. "ह्ये समदं तू लिवलं?"

"मी लिहिलं. मशीननं कडा सरळ केल्या."

"दोरी धरून बांध घातला तरी इतका सरळ येत न्हाई," असं म्हणून त्यांनी तो कागद शेजारच्या घरी नेऊन दाखवला.

असे दिवस होते. सकाळी बसमधून उतरून मी गेटपर्यंत जवळजवळ पळतच जायचे.

तर, मॅन्युअलचा सातवा भाग. सिलिंडरचं सील बदलण्याचा. सील म्हणजे तेल गळू नये म्हणून बसवलेली रिंग, ती झिजली की बदलावी लागते. डिझाइन खात्यातून हातानं लिहिलेला मसुदा आला, त्यात एकाखाली एक अकरा सूचना. मी मंगळवारी दुपारी तो टाइप केला, अकरा वेळा कमांड टाकली आणि प्रिंट काढली.

पानावर शेवटचा क्रमांक बारा.

वर बघितलं. एक ते सहा ठीक. सहाच्या खाली चार ओळींची मोकळी जागा. आणि त्याखाली आठ.

मला वाटलं मीच कुठे जास्तीची कमांड टाकली. पडद्यावर बघितलं, बोट लावून मोजलं. अकराच होत्या. जागा सोडायची कमांड तिथे नव्हतीच. पुन्हा प्रिंट काढली. सहा, मोकळ्या चार ओळी, आठ. तिसऱ्यांदा काढली, तसंच.

लिमयेसाहेबांना दाखवलं तर त्यांचा चेहरा उजळला. त्यांना असल्या गोष्टी फार आवडायच्या. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, प्रोग्रॅममध्ये चूक सापडली बहुतेक आपल्याला. आज मजा येणार."

आणि खरंच मजा आली, मी खोटं का सांगू. आम्ही दोघं शिकाऱ्यांसारखे त्या चुकीच्या मागे लागलो. त्यांनी मला सगळा भाग कोऱ्या फाइलमध्ये नव्यानं टाइप करायला लावला, म्हणजे न दिसणारं एखादं अक्षर जुन्या फाइलमध्ये घुसलं असेल तर जाईल. केला. सहा, मोकळी जागा, आठ. त्यांनी टेपवरून प्रोग्रॅम पुन्हा चढवला. तसंच. मग दुसऱ्याच कसल्यातरी अकरा सूचना टाकून बघितल्या, चहा कसा करावा याच्या. त्या एक ते अकरा गुण्यागोविंदानं उतरल्या. पाचव्या भागाच्या सूचना टाकल्या, त्याही सरळ. फक्त सिलिंडरच्या सीलवरच तो अडकत होता आणि तेही सहा आणि आठच्या मधेच. मी जाताना साहेब म्हणाले, "हे असं होऊच शकत नाही." पण म्हणाले हसत हसत.

बुधवारी सकाळी हसू गेलं. वर्क्स मॅनेजरांचा निरोप आला – सातवा भाग अकरा वाजेपर्यंत टेस्टिंग शॉपमध्ये, म्हणजे मशीन तपासायच्या शेडमध्ये हवाय, जेवणाच्या सुट्टीनंतर काम सुरू होणार. परदेशी जाऊन मशीन बसवून देणार होते पोपट गव्हाणे म्हणून फिटर. हुशार माणूस, पण आमच्याकडे नवीन. मॅनेजरांनी ठरवलं होतं की गव्हाण्यांनी प्रत्येक काम मॅन्युअल वाचून, त्यात लिहिलंय तस्संच करून बघायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. म्हणजे मॅन्युअल पुरेसं आहे की नाही ते कळेल.

चूक शोधायला वेळ नव्हता. लिमयेसाहेबांनी मला तोडगा सांगितला. सहाव्या सूचनेनंतर एक कमांड घालून क्रमांक जबरदस्तीनं सातवर आणायचा आणि दुसरीनं मोकळी जागा मागे ओढून घ्यायची. मी ते केलं. पान सुरेख उतरलं, एक ते अकरा, कुठे फट नाही. ते मी शिपायाबरोबर टेस्टिंग शॉपला पाठवलं. ते पान मी पाठवलं... हे मी आजही विसरलेले नाही.

आता मुलाणी मिस्त्री. मूळचे मोशीचे, कित्येक पिढ्या तिथलं घर. कंपनी सुरू झाली तेव्हापासून प्रेसच्या जुळणीवर. त्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही, आकडे आणि ड्रॉइंग मात्र तोंडपाठ. मॅनेजरांचाच हुकूम होता की प्रत्येक भाग मिस्त्रींच्या कानावर घालायचा. म्हणून ते रोज जेवणाच्या सुट्टीनंतर यायचे, दाराशी बूट काढून आत बसायचे आणि मी त्यांना इंग्रजीचं मराठी करून वाचून दाखवायचे. बहुतेक वेळा ते नुसती मान हलवायचे.

त्या दिवशी ते आले तेव्हा चांगली प्रत शॉपमध्ये गेलेली. माझ्यापुढे मंगळवारच्या, फट असलेल्या प्रिंट होत्या. त्यातलीच एक घेऊन मी वाचायला लागले. रॅम वर न्या. रॅम म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, आमच्या त्या मॉडेलमध्ये चांगला दोन-अडीच टनांचा. पंप बंद करा. मेन स्विच काढून कुलूप लावा. सहावी सूचना झाली.

"पुढं आठवी," मी म्हणाले. "तेलाचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा. उघडताना दुसऱ्या हातानं रॅमच्या खालून रिंगला आधार द्या, म्हणजे ती निसटून पडणार नाही."

मिस्त्रींनी हात वर केला. "थांबा ताई. सहानंतर आठ कसा?"

"ती मशीनची चूक आहे, चाचा. कालपासून करतंय. सात नाहीच आहे."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. त्या मोकळ्या चार ओळींवर बोट ठेवलं आणि खूप वेळ तसंच धरून ठेवलं.

"सात हाय," ते म्हणाले. "हितंच हाय. रॅमखाली दोन्ही बाजूंनी लोखंडी ठोकळे उभे करायचे. ठोकळे लावल्याबिगर व्हॉल्व्हला हात लावायचा न्हाई. ते लिवलंच न्हाई तुमी."

"मसुद्यातच नाही."

"जुन्या मॉडेलला लागत न्हवतं. त्याला वर खिट्टी व्हती, रॅम वरच अडकायचा. ह्याला खिट्टी न्हाई. व्हॉल्व्ह उघडला की रॅम खाली येनार. आन् तुमी म्हनता दुसरा हात खाली धरा."

मी घड्याळ बघितलं. पावणेदोन.

लिमयेसाहेबांनी फोन उचलून टेस्टिंग शॉपचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. तिथल्या आवाजात फोन कुणाला ऐकू जायचा?

"तुमी पळा," मिस्त्री मला म्हणाले. त्यांचा गुडघा दुखरा होता. "मी येतोच मागं."

मी पळाले. रबरी स्लीपर जिन्यातच राहिल्या. ऑफिसच्या इमारतीपासून टेस्टिंग शॉप म्हणजे आवाराचं दुसरं टोक. वाटेत मशीन शॉप, त्याच्या मधोमध पिवळ्या पट्ट्यांची वाट. बायका त्या शॉपमध्ये कधी जात नसत. पदर खोचून अनवाणी पळणारी बाई बघून एकेक माणूस काम सोडून वळत होता. पायाला पत्र्याची कात्रण लागली ते मला संध्याकाळी कळलं.

शॉपमध्ये शिरले तर समोर तेच मशीन. रॅम वर. गव्हाणे त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलेले, डावा हात रॅमच्या खाली, उजवा व्हॉल्व्हच्या चाकावर. शेजारी त्यांचा जोडीदार कदम माझं पान हातात धरून मोठ्यानं वाचतोय. मी ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. सरळ गेले आणि कदमच्या हातातून पान ओढून घेतलं.

वाचणं थांबलं म्हणून गव्हाण्यांनी मान वळवली. "काय झालं, बाई?"

"सात राहिलंय," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"सातच चाललंय की."

"हात काढा. आधी हात काढा."

त्यांनी काढला. माझ्या तोंडाकडे बघून काढला असेल. मी धापा टाकत काहीतरी सांगत होते तेवढ्यात मिस्त्री लंगडत आले. भिंतीकडचे दोन ठोकळे कदमला घ्यायला लावले, रॅमखाली उभे करून घेतले, सगळ्यांना मागे सारलं आणि बाजूला उभं राहून व्हॉल्व्हचं चाक स्वतः फिरवलं. अर्धा फेरा. काहीच झालं नाही. आणखी थोडं. मग तो अडीच टनांचा रॅम आधी बोटभर सरकला आणि पुढच्या क्षणाला ठोकळ्यांवर येऊन बसला. पायाखालची फरशी हादरली.

गव्हाणे खाली बसले. आपला डावा हात मांडीवर घेऊन बोटं उघडमीट करून बघत राहिले. मग मिस्त्री म्हणाले, "चला, याला च्या द्या कुनीतरी."

वर आल्यावर मी पहिलं काम केलं ते ती सूचना टाइप करण्याचं. मिस्त्री मराठीत सांगत होते, मी इंग्रजी करत होते. शब्द मोजले नाहीत, मोजायचं सुचलंही नाही. जबरदस्तीच्या दोन्ही कमांड काढून टाकल्या आणि प्रिंट काढली. एक ते बारा. सातवी सूचना आपल्या जागी. लिमयेसाहेबांनी ते पान मंगळवारच्या पानावर ठेवलं आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावून उजेडात धरले. नवी सूचना बरोबर त्या मोकळ्या चार ओळींत बसली होती. पुढची अक्षरं अक्षरांवर.

मला खरा काटा आला तो यानंतर. साहेब म्हणाले, आता ती सूचना पुन्हा काढा. मी काढली. फाइल पुन्हा मंगळवारसारखी झाली, अकरा सूचना, अकरा कमांड. प्रिंट काढली.

एक ते अकरा. सहानंतर सात. फट नाही.

पुन्हा काढली. फट नाही. साहेबांनी मंगळवारी रात्री आपोआप टेपवर उतरलेली मूळ फाइल आणवली, जिला आम्ही हातही लावला नव्हता. तीही सरळ उतरली. आदल्या दिवशी जिनं सहानंतर आठ दिला होता तीच फाइल, तोच प्रोग्रॅम, तोच प्रिंटर. आम्ही पाच वाजेपर्यंत काढत राहिलो, खोलीभर कागद झाला, पण ती फट पुन्हा आली नाही.

मिस्त्री कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "लिमयेसाहेब, तुमच्या मशीनला कळलं असंल."

"मिस्त्री, त्याला काही कळत नाही," साहेब वैतागून म्हणाले. "त्याला इंग्रजी कळत नाही, प्रेस कळत नाही. त्याला फक्त मोजता येतं."

"मग बरोबर मोजलं की त्यानं," असं म्हणून ते बूट घालायला उठले.

लिमयेसाहेबांनी त्या फाइलमधलं अक्षर न् अक्षर आकड्यांत काढून तपासलं. महिनाभर प्रोग्रॅमची छापील यादी घेऊन बसायचे. पुढे ते नोकरी सोडून अमेरिकेला गेले. काही वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला, आवाज म्हातारा झालेला. मी ओळखायच्या आधीच म्हणाले, "बाई, निवृत्त झालो, वेळ होता, म्हणून पुन्हा सगळं बघितलं. नाही सापडलं." आम्ही दोघंही बराच वेळ हसलो.

माझा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, आई, बग होता. असेल, बाबा. मी काही देवाचं नाव घेत नाही, भुताचंही नाही, मी त्यातली नव्हतेच कधी. पण जे वाक्य जगात कुणीच लिहिलेलं नव्हतं, मसुद्यात नाही, डिझाइनवाल्यांच्या डोक्यात नाही, माझ्या तर नाहीच नाही... त्याच्यासाठी नेमकी तेवढीच जागा कुणी आणि कशी सोडली, हे मला कुणी आजवर सांगू शकलेलं नाही. मी ती फट दोनदा पाहिली, तिसऱ्यांदा पाहिली, आणि मग माझ्याच हातानं बुजवली. मिस्त्री त्या दिवशी सुट्टीवर असते तर, एवढा एकच विचार मी पूर्ण करत नाही.